सक्ती करायची, तर आधी गणवेश हातात द्या

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांची मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीत आहे आणि त्या स्वतः शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहेत. गणवेश कोणता हे ठरवण्याचा अधिकार आता पुन्हा समितीकडे आलाय. मुख्याध्यापक आणि बरेचसे पालक म्हणतात, चौकड्यांचा शर्ट, टाय, बेल्ट, काळे बूट असा ‘कॉन्व्हेंटसारखा’ गणवेश करू आणि तो कडक सक्तीचा करू. कारण गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागल्यापासून पट घसरतोय. ताईंचे यजमान म्हणतात, सरकारी शाळेत गणवेशाची सक्ती हवीच कशाला, परदेशात कुठे असते? ताईंना स्वतःला गणवेश हवा वाटतो, ‘त्यामुळे गरीब-श्रीमंत फरक मिटतो’ म्हणून. पण यंदाच्या हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी रंगीत फ्रॉक घालून आली, तिला परिपाठाला रांगेबाहेर उभं केलं, आणि त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. हे त्यांच्या मनातून जात नाही. त्यात भर म्हणजे त्या शिवणकाम करतात, आणि गणवेशाची शिलाई त्यांच्या बचत गटाला देऊ असं सर म्हणालेत. पुढच्या बैठकीत ठरावावर सही करायची आहे. त्या विचारतात, ‘मी गणवेशाच्या बाजूने बोलते ते मुलांसाठी की माझ्या मशीनसाठी, हेच मला कळेनासं झालंय. काय करू?’

ताई,

आधी त्या मुलीचं बघू. ठरावात काय लिहायचं हे बरंचसं तिच्यावरूनच ठरणार आहे.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई करतं, आणि त्याच वाक्यात मानसिक छळालाही. सगळ्या शाळेसमोर एका मुलीला वेगळं उभं करणं यात बसतं असं मी मानते, मग बाईंच्या मनात वाईट काही नसलं तरी. बहुतेक वेळा नसतंच. रांग सरळ दिसावी, पाहुणे आले तर फोटो नीट यावा, एवढाच हेतू असतो. पण ती मुलगी नोव्हेंबरात परक्या गावात आली होती, राहायला खोपी होती, आणि या शाळेचा गणवेश तिला कुणी दिलेलाच नव्हता. जे दिलं नाही ते घातलं नाही म्हणून तिला शिक्षा झाली. टोळी अजून गावात असेल तर मुकादमाला गाठा, तिच्या आईला भेटा. टोळी परतली असेल तर मूळ गाव कोणतं ते मुकादमाकडून समजेल. स्थलांतरित मुलांचं शिक्षण गाव बदललं तरी चालू राहावं म्हणून आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड आहे. ते तिला मिळालं का, तिच्या मूळ शाळेला कळवलं का, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. समितीच्या सदस्याला तो अधिकार आहे. या समितीत किमान ७५ टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. चहा पिऊन सही करण्यापुरतं तुम्हाला तिथे घेतलेलं नाही.

आता तुमचं वाक्य: गणवेशामुळे गरीब-श्रीमंत फरक मिटतो. हे निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं महत्त्वाचंही आहे. रोज सकाळी ‘आज काय घालू’ हा प्रश्न ज्या घरात दोनच धड कपडे असतात तिथे फार टोचतो. गणवेश तो प्रश्न काढून टाकतो. म्हणून तर ज्यांच्याकडे काही नसतं त्या आयांनाच गणवेश सर्वांत जास्त हवा असतो. विरोध करणारे बहुधा कपाट भरलेले लोक असतात.

पण एखाद्या दिवशी परिपाठाच्या वेळी रांगेच्या कडेने हळूच चालत जा. तुमचा डोळा शिवणकाम करणाऱ्या बाईचा आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसेल. कुणाचा निळा रंग जूनमधला आहे आणि कुणाचा दोन वर्षांपूर्वीच्या बहिणीचा. कुणाच्या शर्टाला खालून दुसरं आणि तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे. कॉलर कुणाची उसवलीय. पावसाळ्यात एकच जोड धुऊन चुलीजवळ वाळत घातलेला असतो, त्याला धुराचा वास येतो, आणि शेजारच्या बाकावरचं पोर तेवढ्यावरून नाव ठेवतं. गणवेशाने फरक झाकला जातो, पण गणवेश सगळ्यांकडे सारखा, वेळेवर आणि पुरेसा असेल तरच. नाहीतर होतं उलटंच. रंगीबेरंगी कपड्यांच्या वर्गात एक मळका फ्रॉक कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे निळ्या शर्टात असले की तोच फ्रॉक शाळेच्या फाटकापासून दिसतो. तुमच्या शाळेत झालं ते हेच.

तेव्हा ‘गणवेश सक्तीचा असावा का’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याआधी ‘सक्ती कुणावर’ हे विचारा. माझं उत्तर असं, की सक्ती आधी शाळेवर. तिने जूनमध्ये दोन जोड मुलाच्या हातात ठेवायचे. ते ठेवल्यानंतर मुलाकडून अपेक्षा करायला हरकत नाही, आणि ती अपेक्षा आई-वडिलांशी बोलून पुरी करून घ्यायची. ती कधीही वर्गाच्या दारात अडवून पुरी करायची नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही, हे आपण राज्यभर करून पाहिलंय. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेश मिळतात, एका जोडाला ३०० प्रमाणे ६०० रुपये. पूर्वी यात सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती-जमातींची व दारिद्र्यरेषेखालची मुलंच होती. २०२३ मध्ये राज्याने आपला पैसा घालून उरलेल्या मुलांनाही आत घेतलं. ते चांगलं झालं. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला सरकारी गणवेश आणि दुसऱ्याला नाही, हा प्रकार त्यामुळे संपला. त्याच वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ जाहीर झालं. २०२४-२५ साठी कापडाची खरेदी वरून झाली, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट असा एक जोड आणि दुसरा स्काऊट-गाईडचा, पहिल्या जोडाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आणि स्काऊटच्या जोडाची शाळा समित्यांमार्फत. पुढचं तुम्ही पाहिलंच असेल. १५ ऑगस्टचं झेंडावंदन उरकलं तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचले नव्हते. जिथे पोचले तिथे चौथीच्या मुलाला सातवीचं माप. स्काऊटच्या जोडाला शिलाई १०० रुपये आणि वरखर्चाला १० रुपये, या दराबद्दल तुमच्या गटात काय बोलणं झालं असेल याचा अंदाज मी करू शकते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून अधिकार समित्यांकडे परत आले.

त्या योजनेवर टीका करणं आता सोपं आहे, मीही केली होती. पण तिच्यातली एक गोष्ट वाया गेली याचं मला वाईट वाटतं. राज्यभर एकच रंग असता तर बीडच्या शाळेतला शर्ट सांगलीच्या शाळेत चालला असता. ऊसतोड कामगारांच्या मुलांना, वीटभट्टीवरच्या मुलांना हा फायदा फार मोठा होता. आता प्रत्येक समिती आपापला रंग ठरवणार, आणि दरवर्षी दिवाळीनंतर तुमच्या शाळेत येणारी मुलं पुन्हा वेगळी दिसणार. हा अधिकाराचा भार आहे, आणि तो आता तुमच्यावर आलाय.

यजमानांच्या मुद्द्याकडे येते. परदेशात सरकारी शाळांत गणवेश नसतो, हे सरसकट खरं नाही. इंग्लंडमध्ये तो बहुतेक शाळांत आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नाही, पण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचने १९९४ मध्ये आठवीपर्यंतच्या शाळांना तो लावला आणि गुन्हे, मारामाऱ्या घटल्याचं सांगितलं. त्या सुमारास तिथे इतरही उपाय चालू होते, त्यामुळे श्रेय गणवेशालाच द्यावं की नाही यावर अभ्यासक अजून भांडतात. गणवेशाने शिस्त येते, मार्क वाढतात, असं आपल्याकडे जे छातीठोकपणे म्हणतात त्यांनी जरा जपून बोलावं, एवढाच त्याचा अर्थ. मला जास्त जवळचं वाटतं ते केनियाचं उदाहरण. तिथे गणवेश आई-बापांनी विकत घ्यायचा असतो आणि गरीब घरांना तो जड जातो. पश्चिम केनियात संशोधकांनी सहावीच्या मुलामुलींना फुकट गणवेश देऊन पाहिले, तर शाळा सोडण्याचं प्रमाण कमी झालं, मुलींमध्ये कोवळ्या वयातलं गरोदरपणही कमी झालं. नियम तर तिथे आधीपासून होताच. फरक पडला तो कापड हातात पडल्यामुळे.

यजमानांना सांगा, सक्तीबद्दलची तुमची शंका रास्त आहे, पण गणवेश नको या टोकाला जायची गरज नाही. सरकारी गणवेश नाकारला तर ते ६०० रुपये मुलाच्या खिशात येत नाहीत, आणि घरखर्चातून कपडा काढावा लागतो तो आईलाच.

टाय आणि बेल्टचं मला हसू येत नाही. पट घसरण्याची भीती खोटी नाही. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची एक ‘समूह शाळा’ करण्याचा घाट २०२३ मध्ये घातला गेला तेव्हापासून लहान गावातला प्रत्येक मुख्याध्यापक झोपेतही पट मोजत असतो. आणि पालक रूपाला भुलतात हेही खरं. पण हिशेब मांडून बघा. ३०० रुपयांत कापड, शिलाई, बटणं, चेन. त्यात टाय बसत नाही, बेल्ट बसत नाही. बूट-मोजांसाठी २०२३ मध्ये सरकारने माणशी १७० रुपये धरले होते. तेवढ्यात कुठल्या दर्जाचा बूट येतो ते इस्लामपूर-तासगावच्या बाजारात तुम्हीच विचारा. म्हणजे वरचा सगळा खर्च पालकांच्या माथी. कायद्याच्या कलम ३ प्रमाणे ज्या खर्चामुळे मुलाचं शिक्षण अडेल असा कोणताही खर्च त्याच्यावर टाकता येत नाही. टाय सक्तीचा केलात की तुम्ही या कलमाच्या सीमेवर जाऊन उभ्या राहता. इंग्लंडमध्ये, जिथून हा टाय आला, तिथल्या पालकांनाही शाळेचा बिल्ला लावलेल्या महागड्या कपड्यांचा इतका जाच झाला की २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चाला आवर घालणारा कायदा करावा लागला. आणि मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात गळ्याला टाय बांधून बसायची कल्पना ज्या मोठ्या माणसांनी काढली, त्यांनी आधी आठवडाभर स्वतः बांधून दाखवावा.

पट टिकवायचा असेल तर पिवळी गाडी गावात का येते हे त्या गाडीत मुलं चढवणाऱ्या चार आयांना विचारून या. मला वाटतं त्यांच्या तोंडी इंग्रजी येईल, दोन वर्गांना एकच गुरुजी असल्याचं येईल, संडासाला पाणी नसल्याचं येईल. टायही येईल कदाचित, पण पहिल्या नंबरावर नाही. सरांना चकचकीतपणा हवाच असेल तर चौकड्यांचा शर्ट घ्या की. साध्या निळ्याइतक्याच पैशात येतो आणि शाईचे डाग लपवतो.

मुलींच्या कपड्याचं मात्र बैठकीत वेळ काढून बोला, कारण समितीतले पुरुष त्यावर बोलणार नाहीत. तुमची मुलगी सहावीत आहे म्हणजे तुम्हाला हे सांगायला नको: खालचा कपडा गडद हवा. पांढरी सलवार दिसायला छान, पण पाळी सुरू झालेल्या मुली महिन्यातले चार दिवस त्यापायी घरी बसतात. खिसा दोन्ही बाजूंना आणि खोल, पॅड मावेल असा. स्कर्ट, सलवार-कमीज की पँट हे मुलीने निवडावं. कापड आणि रंग एक असला की पुरे. केरळमधल्या काही सरकारी शाळांनी मुलामुलींना सारखीच पँट दिली, तिथे वाद झाला तो ‘सगळ्यांना तेच’ या हट्टावरून. पर्याय ठेवला तर वादाला जागा कमी उरते. डोक्यावरच्या ओढणीबद्दल, पटक्याबद्दल ठरावात बंदी घालू नका. कर्नाटकातल्या हिजाबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंच ऑक्टोबर २०२२ मध्ये एकमत झालं नाही; जे तिथे सुटलं नाही ते तुमच्या गावात एका ठरावाने सुटणार नाही, आणि तोवर एखादी मुलगी घरी बसली तर ते नुकसान कुणी भरून देणार नाही.

ठरावात मग काय लिहायचं? मी तुमच्या जागी असते तर अशी काही वाक्यं घालायचा आग्रह धरला असता. शाळेने दोन गणवेश दिल्यानंतरच गणवेश अपेक्षित राहील. गणवेश नसल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलाला वर्ग, परिपाठ, खेळ किंवा पोषण आहारापासून वेगळं ठेवलं जाणार नाही. शिक्षक त्याबद्दल पालकांशीच बोलतील. हंगामी मुलांचा त्यांच्या मूळ शाळेचा गणवेश इथे चालेल. रंग किमान पाच वर्षं बदलणार नाही, म्हणजे धाकट्याला थोरल्याचा होईल. आणि शाळेत एक पेटी राहील, लहान झालेले, चांगल्या स्थितीतले गणवेश धुऊन तिच्यात जमा करायचे आणि गरजेप्रमाणे बाईंनी मधल्या सुट्टीत, चारचौघांत नव्हे, मुलाला द्यायचे. सर म्हणतील, हे लिहायची काय गरज, आपण तसं करतोच. तरी लिहा. सर बदलून जातील, इतिवृत्ताची वही शाळेत राहील.

खासगी शाळेतल्या पालकांची याच विषयावरची पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांना इथेच थोडक्यात: ठरावीक दुकानातूनच गणवेश घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. दुकानाचं नाव तोंडी सांगितलं असेल तर ते लेखी मागा; बहुतेक प्रकरण तिथेच थंडावतं. एकट्याने भांडू नका, वर्गातले आठ-दहा पालक मिळून पालक-शिक्षक संघात विषय घ्या, आणि तिथे दाद लागली नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मुलाच्या वहीतून चिठ्ठ्या पाठवून हे भांडण लढू नका.

ताई, आता तुमच्या मशीनबद्दल. शिलाईतून तुम्हाला चार पैसे मिळणार म्हणून तुमचं मत खोटं ठरत नाही. गावातल्या बाईने गावातल्या पोरांचे कपडे शिवावेत यात आडपडदा ठेवण्यासारखं काहीच नाही; तालुक्याच्या ठेकेदारापेक्षा तुम्हीच ते नीट शिवाल, कारण उसवलं तर पोराची आई तुमच्याच दारात येणार. अडचण फक्त एवढीच, की काम देणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत दोन्हीकडे तुम्ही आहात. त्याचा उपाय सोपा आहे. बैठक सुरू होताच उभं राहून सांगा की मी या बचत गटात आहे, आणि हे इतिवृत्तात लिहून घ्या. गणवेश कसा असावा यावर मोकळेपणाने बोला. दर ठरवायचा विषय आला की बाहेर जाऊन बसा. समितीने निदान तीन दरपत्रकं मागवावीत, त्यातलं एक तुमच्या गटाचं. तुमच्या मनातली शंका तेवढ्याने जाईल का? पूर्ण नाही जाणार कदाचित. पण गावात कुणी बोट दाखवलं तर वहीचं पान दाखवता येईल.

काम तुमच्याकडे आलंच तर शिवताना बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडा आणि पँटच्या पायाला, फ्रॉकच्या घेराला दोन-तीन इंच दुमड ठेवा. जूनचं पोर मार्चपर्यंत हमखास वाढतं. कापड घेण्याआधी मीटरभर तुकडा आणून घरच्या साबणाने धुवा, उन्हात वाळवा, मग पुन्हा मोजा. रंग सोडणारं आणि आटणारं कापड तिथेच कळेल, दुकानदार काहीही म्हणो. निधी खात्यावर कधी जमा होईल हे तुमच्या हातात नाही, पण मापं आहेत. ती एप्रिलमध्येच, सुट्टी लागायच्या आत घेऊन ठेवा, प्रत्येक पोराचं नाव लिहून. पहिलीला नवीन येणाऱ्यांची आणि नोव्हेंबरात टोळीबरोबर येणाऱ्यांची मापं तेव्हा मिळणार नाहीत. गेल्या वर्षी अशी किती मुलं आली ते हजेरीपटावरून काढा आणि तेवढं कापड न कापता बाजूला ठेवा.